मिशी होती, पण कशी

हिंजवडीजवळ जांब्याला खोली बघायला गेलो तेव्हा घरमालकिणीनं माझं नाव, गाव, कंपनी यांतलं काहीच आधी विचारलं नाही. ती ओट्यावर बसून पावटे सोलत होती. मान वर करून तिनं माझ्या तोंडाकडे दुकानातलं कापड पारखावं तसं बघितलं आणि म्हणाली, "पॅची बिअर्ड."

मला वाटलं, आपल्या ऐकण्यात काहीतरी चुकलं.

"काय म्हणालात?"

"दाढी. पॅची हाय तुझी. डाव्या गालावर येती, उजव्यावर ठिगळं ठिगळं. वाढवू नगंस. सात नंबरची खोली रिकामी हाय, बघून घे."

हिंजवडीतल्या एका कंपनीत मी कंटेंट रायटर होतो. इंग्रजी लिहिणं हा माझा पोटापाण्याचा धंदा, आणि त्याचा मला थोडाफार माजही होता. पण आपण दोन वर्षं जी वस्तू तोंडावर बाळगून हिंडतो आहोत, तिला इंग्रजीत काय म्हणतात हे मला माहीत नव्हतं. खोलीत सामान टाकल्यावर पहिल्यांदा फोनवर तो शब्द तपासला. बरोबर होता. त्याच संध्याकाळी मी दाढी काढून टाकली. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी भरताना ती म्हणाली, "क्लीन-शेव्हन. आता वहीत बदल करावा लागंल."

तिला सगळे आक्का म्हणत. भाडेकरूही, गावही, चौकीतले हवालदारही. वय पन्नाशीच्या पुढचं, अंगानं काटक, पायात कायम पुरुषी चपला. घरची बरीचशी जमीन विकली गेली होती. राहिलेल्या तुकड्यावर तिनं वीस खोल्या बांधल्या होत्या आणि मागे दोन वाफे भाताला ठेवले होते. शिवाय ती गावची पोलीस पाटील होती. म्हणजे गावात कोण नवीन आलं, कोण नाहीसं झालं, विहिरीत काय सापडलं, हे चौकीला कळवायचं काम तिचं. नेमणूक झाली तेव्हा पोलीस पाटील बाईमाणूस म्हणून काही लोक हसले होते म्हणे. मी गेलो तोपर्यंत हसणारं कुणी उरलं नव्हतं.

तिची एक वही होती. खाकी कव्हर घातलेली, जाडजूड, बायंडिंग दोनदा शिवलेली. प्रत्येक भाडेकरूचं त्यात एक पान. नाव, गाव, कामाचं ठिकाण एवढं दोन ओळीत, आणि बाकीचं सगळं पान तोंडाचं. बाहेर भिंतीवर 'पाणी जपून वापरा' या पाटीखाली तिनं दुसरी पाटी रंगवून घेतली होती: 'दाढी-मिशीत बदल केल्यास त्वरित कळवणे.' नवीन आलेली पोरं त्या पाटीचा फोटो काढून मित्रांना पाठवत. महिनाभरात तीच पोरं सलूनमधून थेट ओट्यावर येऊन उभी राहत, आणि आक्का चष्मा लावून त्यांची हनुवटी वर करून बघे.

भाडेकरूंची नावं तिच्या जिभेवर बसत नसत. ओरिसा, केरळ, आसाम, कुठकुठली पोरं. म्हणून ती त्यांना दाढीवरून हाक मारी. "ए गोटी, तुझा गॅस संपला बघ." गोटी म्हणजे नुसत्या हनुवटीवरची बोकडदाढी. मध्यंतरी दोन गोटीवाले झाले, तेव्हा थोरला गोटी आणि धाकटा गोटी अशी वाटणी झाली. अकरा नंबरमध्ये एक होता त्याच्या खालच्या ओठाखाली केसांचा नुसता ठिपका होता. त्याला इंग्रजीत सोल पॅच म्हणतात. आक्कानं तो शब्द शोधला, त्याचा अर्थ लावला आणि दिवसभर त्याच्याकडे कळवळ्यानं बघत राहिली. "आत्म्याला ठिगळ," ती मला म्हणाली. "येवढं तरणंताठं पोर, आन आत्म्याला ठिगळ लावून हिंडतंय."

हे शब्द तिनं मिळवले कुठून, ही गोष्ट मला सलूनवाल्यानं सांगितली. तो उत्तर प्रदेशातला. चौकात त्याचं दुकान, आणि दुकानात एक मोठं रंगीत पोस्टर. त्यावर तीसेक पुरुषांची तोंडं आणि प्रत्येकाखाली इंग्रजीत दाढी-मिशीचं नाव. एके दिवशी आक्का दुकानात शिरली आणि बाकावर बसली. नंबर लावून बसलेले गावचे बाप्ये कावरेबावरे झाले. एकाच्या तोंडाला साबण होता, तो तसाच गप्प. आक्का त्या पोस्टरकडे बघत बसली. उठून जवळ गेली, एकेका तोंडासमोर उभी राहिली, परत बसली. दुपार झाली तरी बसलेली. "हमको लगा, पोलीस का कुछ मॅटर है," सलूनवाला म्हणाला. असं ती आठ दिवस रोज जात होती. शेवटी त्यानंच तिला एकेक नाव वाचून दाखवलं, मग तिनं शाळेतल्या पोरांची डिक्शनरी आणली आणि पुढचं तिचं ती शिकली.

आक्का दहावी पास होती. इंग्रजीचं वाक्य तिला धड जोडता येत नसे. पण या एका खात्यात तिच्याइतकं इंग्रजी येणारं माणूस मी पुण्यात कुठे पाहिलं नाही. हँडलबार म्हणजे सायकलच्या हँडलसारखी टोकं वळवलेली मिशी. हॉर्सशू म्हणजे घोड्याच्या नालासारखी, दोन्ही बाजूंनी हनुवटीपर्यंत उतरलेली. साइडबर्न्स म्हणजे आपले कल्ले. मटन चॉप्स म्हणजे तेच कल्ले फुगवून गालभर पसरलेले. या शब्दावर मात्र तिचा राग होता. "खाटकाच्या दुकानातला शब्द तोंडावर आनायचा म्हंजी काय? आमच्यात गलमिशा म्हंत्यात. किती सोभतंय."

"मग गलमिशाच लिहा की," मी एकदा म्हणालो.

"कुणाला कळणार? गेटवरच्या आसामच्या पोराला गलमिशा म्हंजी काय कळणार? मानूस हरवला की आधी त्यो गेटवाल्यालाच दिसतो."

हे तिचं म्हणणं पक्कं होतं. हिंजवडीपासून बावधन, भूगावपर्यंत जेवढ्या सोसायट्या आणि जेवढी बांधकामं, तेवढ्या गेटांवरचे सिक्युरिटीवाले तिनं एका ग्रुपमध्ये जोडले होते. दीडदोनशे माणसं असतील. सगळे परप्रांतातले, तिला पाटील मॅडम म्हणणारे. कुणी हरवलं की चौकीच्या आधी त्या ग्रुपवर वर्णन जाई. मलाही तिनं त्यात घेतलं होतं.

शब्द नुसता पाठ करून तिचं समाधान होत नसे, ती तो तपासूनही बघे. 'फाइव्ह ओ'क्लॉक शॅडो' हा शब्द तिला सापडला. सकाळी केलेल्या दाढीची संध्याकाळी पाचपर्यंत गालावर जी सावली धरते ती. आक्का चार दिवस पाच वाजता ओट्यावर खुर्ची टाकून बसली. पहिल्या पाळीची पोरं कामावरून येत तशी तिच्यासमोरून जात आणि ती वहीत खुणा करी. पाचव्या दिवशी तिनं निकाल दिला. "सबूद खरा हाय. पर त्यो दाट केसाच्यांचा. बारीक केसाच्याला सात वाजत्यात. तुला तर दुसरा दिवसच उजाडतो."

आणि 'स्टबल'. या शब्दाचा तिला झालेला आनंद मी विसरणार नाही. डिक्शनरी हातात धरून ती माझ्या दारात आली होती, बोट त्या ओळीवर. दाढीचे खुंट हा अर्थ तिथे दुसरा होता. पहिला होता, पीक कापल्यावर शेतात राहणारी धसकटं.

"म्हंजी इंग्लिश सबूद करनारेबी शेतकरीच व्हते," ती म्हणाली. "मला वाटलं, सगळे सायबच."

त्यानंतर एकदा ती मला मागच्या वाफ्यात घेऊन गेली. भात कापून झालं होतं. ती खाली बसली आणि धसकटांवरून तळहात उलटा फिरवला, जसा बाप्या माणूस आपल्या गालावर फिरवतो तसा. मलाही फिरवायला लावला. मी या भाषेत पदवी घेतली, तिच्यावर पगार घेतो, पण एखादा शब्द असा हाताला लागलेला मला आठवत नाही. मला तिचं फार अप्रूप वाटलं, आणि स्वतःची थोडी लाजही.

हे सगळं ती का करते, हे गावात सगळ्यांना माहीत होतं. मलाही पहिल्याच महिन्यात शेजारणीकडून कळलं. वीसेक वर्षांपूर्वी आक्काचा नवरा सकाळी डेअरीवर दूध घालायला गेला तो परत आला नाही. किटली डेअरीत पोचली, दूध मोजून झालं, आणि तिथून तो कुठे गेला ते कुणालाच सांगता आलं नाही. भांडण नाही, दारू नाही, काही नाही. चौकीत वर्णन लिहून घेताना हवालदारानं विचारलं, मिशी? आक्का म्हणाली, हाय. कशी? आक्काला काही बोलता येईना. शेवटी म्हणाली, मिशीसारखी मिशी. हवालदारानं लिहिलं, 'मिशी आहे.' लग्नातला एक फोटो होता, त्यात तर नुसतं मिसरूड. त्या कागदावर त्याला शोधलं आणि तो सापडला नाही. "मिशी हाय म्हनं," आक्का कधी कधी आपल्याशीच म्हणे. "आख्ख्या तालुक्यात तवा मिशी कुणाला नव्हती?" खाकी वहीचं पहिलं पान त्याचं होतं. ते ती कुणाला दाखवत नसे.

म्हणून ती कुणालाही, कुठेही तो प्रश्न विचारी. चहा पिताना मला एकदा म्हणाली, "तुज्या वडलांची मिशी कशी हाय, सांग."

"जाड आहे," मी म्हणालो. "म्हणजे, मध्यम."

"ओठावर येती का वर ऱ्हाती? टोकं कुटं जात्यात? मदी फट हाय का न्हाई?"

मी डोळे मिटून बघितलं. वडिलांचा चष्मा दिसला, बनियनचं भोक दिसलं. मिशीच्या जागी काहीतरी काळंपांढरं होतं. आक्का म्हणाली, "बघ," आणि कप उचलून आत गेली.

माझ्या हातून जी चूक झाली ती माझ्या तिथल्या तिसऱ्या वर्षी.

सहा नंबरमध्ये एक कॅबवाला आणि त्याची बायको राहत. हिंगोलीकडची माणसं. त्यांच्याकडे त्याचे वडील आले होते, त्यांना सगळे आबा म्हणत. सत्तरीचे, विसराळू झालेले. सून त्यांना एकटं सोडत नसे. एक दिवस ती कपडे वाळत घालायला गच्चीवर गेली, आणि खाली आली तर आबा नाहीत. आक्का त्या दिवशी मुळशी धरणाच्या वरच्या अंगाला भावाच्या गावी गेली होती. तिथे फोनला रेंज नसते. कॅबवाला बाइक घेऊन शोधायला पळाला. सून रडत माझ्या दारात आली. मी म्हणालो, काळजी करू नका, ग्रुपवर मी टाकतो.

तिनं कागदावर वर्णन लिहून दिलं. अंगात पांढरा सदरा आणि धोतर, डोक्याला टोपी, उंची मध्यम, रंग सावळा, मिशा पांढऱ्या, दाढी केलेली. "आज सकाळीच केली आबांनी," ती म्हणाली. "मीच आरसा धरला होता."

ऑफिसची मीटिंग सुरू व्हायला दहा मिनिटं होती. मी तो मजकूर फोनमध्ये भरला, भाषांतराचं बटण दाबलं, वरवर एक नजर टाकली, इंग्रजी बरं दिसलं. पाठवून दिला. दीडदोनशे गेटांवर मेसेज गेला.

आक्का दुसऱ्या दिवशी दुपारी आली. चौकात उतरल्या उतरल्या तिला कळलं होतं. तिनं ओट्यावर पिशवी ठेवली, चष्मा लावला आणि मेसेज वाचला. मग परत वाचला.

"ह्ये कुणी लिव्हलं?"

"मी."

"म्हाताऱ्याला दाढी हाय आसं तुला कुणी सांगितलं?"

"तिनंच. कागदावर होतं ना, दाढी केलेली," मी म्हणालो.

"दाढी केली म्हंजी काढली," आक्का म्हणाली. "आपन दाढी करतो म्हंतो तवा काढतोच की. तू बिअर्डेड लिव्हलंयस. बिअर्डेड म्हंजी ठेवलेली."

"मशीननं केलं ते."

"मशीनला कुटं दाढी येती?" ती म्हणाली. "तुला येती."

ती मला एक शब्द जास्त बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. तिनं ग्रुपमधल्यांना सरळ फोन लावायला सुरुवात केली, एकेका गेटला. चौदावा की पंधरावा फोन बावधनचा होता. तिनं स्पीकर लावला होता म्हणून मी ऐकलं. "हां मॅडम, एक बूढा आया था कल. पानी मांगा, थोडा बैठा. टोपी था, धोती था. लेकिन दाढी नहीं था, तो हमने जाने दिया."

माझ्या एका शब्दावर तो म्हातारा गेटातून पुढे गेला होता. कॅबवाला तिथेच उभा होता. तो माझ्याकडे बघत नव्हता. मला तोंड कुठे लपवावं कळेना.

"बस इथं," आक्का मला म्हणाली. "आता मी सांगते, तू लिही. स्पेलिंग तुजं, सबूद माजा."

तिनं आधी कॅबवाल्याला विचारलं. बाप दाढी कुठून करायला सुरुवात करतो? कल्ल्यापासून का हनुवटीपासून? केस कुठे कमी येतात? गालावर वण, तीळ काही? तो नुसता मान हलवत राहिला. एवढा मोठा माणूस शेवटी खाली बसला आणि रडायला लागला. "बघितलंच नाही कधी, आक्का," तो म्हणाला. आक्कानं त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि सुनेकडे वळली. सुनेनं सगळं सांगितलं, कारण आरसा ती धरत होती. डाव्या जबड्याखाली जुनी जखम, पावट्याएवढी, तिथे केस उगवत नाहीत. मिशी दाट, मधे तपकिरीनं पिवळी पडलेली.

"म्हणजे पॅची लिहू?" मी विचारलं.

"न्हाई. पॅची तुजी. ह्याचा येकच पॅच हाय. वन बेअर स्पॉट, लेफ्ट जॉ, साइज ऑफ अ बीन. आन वर लिही, क्लीन-शेव्हन यस्टरडे, टुडे लाइट व्हाइट स्टबल."

मी टाइप केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला तिनं दार वाजवलं. "चल. आजचं लिहायचंय."

"कालचंच आहे ना, आक्का."

ती माझ्याकडे बघत राहिली. मी काहीतरी फार अडाण्यासारखं बोललो असावं. "मानूस हरवला म्हनून त्याची दाढी थांबती व्हय?"

हे माझ्या डोक्यात कधी आलं नसतं. कुणाच्याच आलं नसतं. हरवलेल्या माणसाचं वर्णन आपण एकदा लिहितो आणि भिंतीला चिकटवतो. तो बिचारा तिकडे रोज बदलत असतो. आक्का रोज सकाळी सहाला त्या म्हाताऱ्याच्या गालावर उगवलेलं नवीन एक दिवसाचं पीक मोजत होती. चौथ्या दिवशी ती सलूनवाल्याकडे जाऊन आली. सत्तरीच्या माणसाची किती वाढते? तो म्हणाला, बूढे का धीरे आता है, मगर गले पे जल्दी. मग मेसेजात गळ्याची ओळ आली. पाचव्या दिवशी तिनं मिशीची ओळ बदलली: कातरी लागलेली नाही, आता वरच्या ओठावर आली असेल. सहाव्या दिवशी 'स्टबल' काढून 'शॉर्ट बिअर्ड' करायचं की नाही यावर तिनं अर्धा तास घालवला आणि एक दिवस थांबली. मी समोर बसून टाइप करत होतो. आबांना त्याआधी मी दोनदा पाहिलं असेल, पण त्या आठवड्यात मला ते रोज दिसत होते.

"कपडेबी बदला की मेसेजात," कॅबवाला एकदा म्हणाला. "आता मळले असतील."

"कपडे कुनीबी बदलून दिल," आक्का म्हणाली. "कपड्याचं धरू नगा."

तेच झालं होतं. आठव्या दिवशी सकाळी मेसेज गेला: शॉर्ट व्हाइट बिअर्ड, वन बेअर स्पॉट लेफ्ट जॉ. दहाच्या सुमाराला भूगावच्या पुढे बंगल्यांचे प्लॉट पडलेत तिथल्या राखणदाराचा फोन आला. ओरिसाचा होता. म्हणाला, मॅडम, एक बाबा चार दिवसांपासून आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये आहे. धोतर नाही, आमच्यातल्या एकानं पँट दिलीय. टोपीही नाही. नाव सांगत नाही, पोरगा कॅब घेऊन येणार आहे एवढंच म्हणतो. तुमच्या मेसेजमधला वाटत नव्हता. पण आज चहा देताना खाली वाकून बघितलं, तर जबड्याखाली एवढीशी जागा रिकामी आहे.

कॅबवाला आबांना घेऊन आला तेव्हा सगळ्या खोल्यांची दारं उघडी होती. सून त्यांच्या गळ्यात पडली. आबा आक्काच्या ओट्यावर बसले, पाणी प्यायले, आणि आपण कुठे गेलो नव्हतोच अशा थाटात इकडेतिकडे बघत राहिले. आक्का त्यांच्यासमोर उकिडवी बसली. हनुवटीला बोट लावून तिनं त्यांचं तोंड उजेडाकडे वळवलं.

"पावट्यायेवढा न्हाई," ती म्हणाली. "घेवड्यायेवढा हाय." आणि वही आणायला आत गेली.

मी तिच्या मागे गेलो. माफी मागायची होती, पण तोंडातून भलतंच आलं. "आक्का, म्हणजे माझा पहिला मेसेज आता खरा झाला. बिअर्डेड."

"वरातीमागनं घोडं," ती म्हणाली. वहीत लिहिता लिहिता हसली. त्या आठ दिवसांत पहिल्यांदाच हसली. तेव्हा मला वाटलं, मला माफ केलं असावं.

पुढच्या वर्षी माझी नोकरी बदलली. बावधनला राहायला जायचं ठरलं. निघायच्या आदल्या दिवशी दुपारी आक्कानं मला ओट्यावर बोलावलं. खाकी वही मांडीवर होती, आणि पहिलं पान उघडं.

पान कसलं, चिकटवलेल्या कागदांची चळत होती. दर वर्षी, नवरा गेला त्या तारखेला, तिनं एक कागद भरला होता. वय एकानं वाढवलेलं. केस काळे, मग करडे, मग पांढरे. एका वर्षी 'चष्मा लागला असंल.' एका वर्षी 'खालचा दात पडला असंल, तवाच हालत व्हता.' वीसेक वर्षं ती त्या माणसाला कागदावर म्हातारा करत आली होती. उंची, बांधा, उजव्या हाताची करंगळी, सगळं होतं. फक्त 'मिशी' या शब्दापुढे प्रत्येक कागदावर जागा कोरी होती.

"आवंदाचा इंग्लिशमदी करायचा," ती म्हणाली. "तू जानार. म्हनून आत्ताच."

मी पेन घेतलं. सगळं लिहून झालं आणि मिशीवर येऊन थांबलो. "कुठली लिहू, आक्का? पोस्टरवर असेल की त्यांच्यासारखी एखादी."

"त्याचसाटी तर गेले व्हते," ती म्हणाली. "आठ दिस बसले त्या दुकानात. म्हनलं, तीस मिशा हायेत, त्यातली येक त्याची आसंल, दिसली की वळखू येईल. बघता बघता सगळ्याच त्याच्या वाटाया लागल्या."

मग तिनं सांगितलं. दर रविवारी तो परसात आरसा टांगून मिशी कातरायचा. झाली की चुलीपाशी यायचा, खाली वाकून तोंड पुढं करायचा आणि म्हणायचा, दोन्ही बाजू सारख्या हायेत का बघ. चुलीवर भाकरी असायची. ती तव्यावरची नजर न काढता म्हणायची, हाय. सारखी हाय.

"दहा वर्सं इचारत व्हता," आक्का म्हणाली.

मागच्या वाफ्यात कुणीतरी पाणी सोडलं होतं, त्याचा आवाज येत होता.

"लिही," ती म्हणाली. "खरं काय त्ये लिही. बघितली न्हाई, आसं लिही."

मी लिहिलं: मूस्टॅश, नॉट सीन.

तिनं चष्मा लावून वाचलं. "सीन म्हंजी?"

"दिसली. नॉट सीन म्हणजे दिसली नाही."

"न्हाई," आक्का म्हणाली. "दिसत व्हती की. हितं, हातभर अंतरावर. मी बघितली न्हाई. त्याला काय म्हंत्यात?"

मला वाक्यं सुचत होती. तिला हवा होता तसा एक शब्द सुचेना. मी लिहिलेलं खोडलं, आणि त्या वर्षीच्या कागदावरही ती जागा कोरीच ठेवली.

त्या शनिवारी मी गावी गेलो. वडील अंगणात पेपर वाचत होते. मी समोर खुर्ची ओढून बसलो आणि त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो. त्यांनी दोनदा पेपर खाली केला, आणि तिसऱ्यांदा विचारलं, "काय रे, काय झालं?"